संगणकाची सुरक्षितता आणि मोजमापाची शिस्त

(संस्थेच्या वार्षिक समारंभात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संगणकाच्या सुरक्षिततेविषयी बोलावे अशी सूचना झाली, तेव्हा मी विषय थोडा आवरून घ्यायचे ठरवले. संगणकावरील हल्ल्यांच्या बातम्या आपण सारेच वाचतो. त्या वाचून सामान्य माणसाचा असा समज होतो की, कुणी तरी अचाट बुद्धीचा मनुष्य बंद खोलीत बसून जादू करतो आणि तिकडे बँका बंद पडतात. प्रत्यक्षात यातल्या कितीतरी घटनांच्या मुळाशी फार साधी चूक असते. बाहेरून आलेली वस्तू आपल्या जागेत मावेल की नाही, हे न मोजता ती आत घेणे, एवढीच ती चूक. इंग्रजीत तिला बफर ओव्हरफ्लो म्हणतात. आज मी या एका चुकीविषयी आणि तिच्यामुळे २००३ साली घडलेल्या एका मोठ्या घटनेविषयी बोलणार आहे. ज्यांचा संगणकाशी संबंध नाही अशा पालकांनाही ते समजावे असा माझा प्रयत्न राहील, कारण यातला धडा केवळ संगणकवाल्यांसाठी नाही.

प्रथम बफर म्हणजे काय ते पाहू. प्रोग्राम चालू असताना बाहेरून आलेली माहिती तात्पुरती ठेवण्यासाठी संगणकाच्या स्मृतीत ठराविक मापाची जागा राखून ठेवतात. त्या जागेला बफर म्हणतात. वीस अक्षरांची जागा राखली असेल तर तेथे वीस अक्षरे राहतील. मग पंचवीस आली तर काय होते? 

एका शाळेच्या कचेरीची कल्पना करा. कारकून मोठ्या खातेवहीचे काम करीत आहे. तेवढ्यात खिडकीतून एक अर्ज येतो. खातेवही ४२ व्या पानावर ठेवून तो अर्जाकडे वळतो. परत कोठे यायचे ते विसरू नये म्हणून समोरच्या कागदावर तो टीप करून ठेवतो, ‘हे काम झाले की पान ४२ कडे जा’. त्याच कागदावर, टिपेच्या अगदी अलीकडे, अर्जदाराचे नाव उतरवण्यासाठी वीस चौकोन आखलेले आहेत. आमचा हा कारकून अत्यंत आज्ञाधारक आहे, पण स्वतःहून विचार करीत नाही. कुणी ‘वीस झाले की थांब’ असे सांगितले नसेल तर तो थांबत नाही. नाव लांबलचक असेल तर एकविसावे अक्षर, बाविसावे अक्षर असे करीत तो सरळ टिपेवरच लिहीत सुटतो. पान ४२ ची नोंद पुसली जाते आणि तिच्या जागी अर्जदाराची अक्षरे येऊन बसतात.

आता पुढे दोन गोष्टी घडू शकतात. ती अक्षरे निरर्थक असतील, तर कारकुनाला कोठे जावे ते कळत नाही आणि काम ठप्प होते. संगणकाच्या भाषेत प्रोग्राम कोसळतो. हे नुकसान लहान म्हणावे लागेल. दुसरी गोष्ट गंभीर आहे. अर्जदार लबाड असेल आणि कागदावर कोठे काय लिहिलेले असते हे त्याला ठाऊक असेल, तर तो आपले ‘नाव’ असे लिहितो की टिपेच्या जागी नेमके हे शब्द उमटावेत, ‘काम झाले की याच अर्जाच्या पहिल्या ओळीपासून वाच आणि तसे कर’. आणि त्या पहिल्या ओळीत त्याने नावाऐवजी हुकूमच लिहिलेले असतात. कारकून प्रामाणिकपणे ते पाळतो. कुलूप फुटलेले नाही, किल्ली चोरलेली नाही, तरी कचेरी आता परक्याच्या ताब्यात गेलेली आहे.

संगणकात नेमके हेच होते. सूचना आणि माहिती या दोन्ही गोष्टी एकाच स्मृतीत, एकाच प्रकारच्या आकड्यांत लिहिलेल्या असतात. परत कोठे जायचे याची नोंदही तेथेच, स्टॅक नावाच्या भागात, बफरच्या शेजारी असते. विशेषतः सी या भाषेत लिहिलेल्या प्रोग्राममध्ये मोजण्याची जबाबदारी सर्वस्वी प्रोग्राम लिहिणाऱ्यावर टाकलेली आहे. त्याने मोजले तर ठीक, नाही मोजले तर यंत्र त्याला अडवीत नाही.

मित्रांनो, ही चूक अलीकडे सापडलेली नाही. १९७२ साली अमेरिकेच्या हवाई दलासाठी जेम्स अँडरसन यांनी संगणकाच्या सुरक्षिततेवर जो अहवाल तयार केला, त्यात या धोक्याचे वर्णन आहे. तरीही लोकांचे लक्ष तिकडे जाण्यास १९८८ साल उजाडावे लागले. त्या वर्षीच्या २ नोव्हेंबरला रॉबर्ट मॉरिस या कॉर्नेल विद्यापीठाच्या विद्यार्थ्याने एक स्वतःहून पसरणारा प्रोग्राम इंटरनेटवर सोडला. अशा प्रोग्रामला वर्म, म्हणजे कीड, म्हणतात. पसरण्यासाठी त्याने जे मार्ग वापरले त्यांपैकी एक फिंगर नावाच्या सेवेतला होता. ही सेवा आलेली ओळ ५१२ बाइटांच्या बफरमध्ये उतरवून घेत असे, परंतु ती उतरवणाऱ्या ‘गेट्स’ या फंक्शनला जागा किती आहे हे सांगण्याची सोयच नव्हती. किडीने ५१२ हून लांब ओळ पाठवली आणि व्हॅक्स जातीचे संगणक ताब्यात घेतले. त्या काळच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ६,००० यंत्रांना बाधा झाली. मॉरिस यांना १९९० साली न्यायालयाने तीन वर्षांची देखरेख, ४०० तासांची समाजसेवा आणि दहा हजार डॉलरवर दंड अशी शिक्षा दिली. ते ‘गेट्स’ फंक्शन मात्र सी भाषेच्या प्रमाणित आवृत्तीतून २०११ साली काढण्यात आले. घटना आणि हा बदल यांच्यामध्ये तेवीस वर्षे गेली. ही दिरंगाई लक्षात ठेवा. पुढच्या हकिकतीतही ती आपल्याला भेटणार आहे.

आता मुख्य घटनेकडे येतो.

मायक्रोसॉफ्ट कंपनीचे एसक्यूएल सर्व्हर २००० हे मोठमोठ्या कंपन्यांत, बँकांत आणि सरकारी खात्यांत वापरले जाणारे सॉफ्टवेअर होते. ग्राहकांची खाती, मालाचा साठा, तिकिटांचे आरक्षण अशी माहिती व्यवस्थित ठेवणे आणि मागेल त्याला ती काढून देणे, हे त्याचे काम. एकाच यंत्रावर या सर्व्हरच्या अनेक प्रती चालवण्याची सोय होती. बाहेरच्याला हवी ती प्रत कोणत्या दारावर मिळेल, हे सांगण्यासाठी १४३४ क्रमांकाच्या दारावर एक चौकशीची खिडकी ठेवलेली होती. तिच्याकडे येणाऱ्या चिठ्ठीचा पहिला बाइट ४ असेल, तर त्यापुढचा मजकूर म्हणजे प्रतीचे नाव, असे ती समजत असे. ते नाव घेऊन ती विंडोजच्या नोंदवहीतला एक लांब पत्ता तयार करी. पत्त्याचा आधीचा भाग ठरलेला, नंतरचा भाग ठरलेला, मधे हे नाव. पत्ता ज्या बफरमध्ये तयार व्हायचा त्याचे माप ठरलेले होते. परंतु मधले नाव किती लांब आहे हे कोणी पाहतच नव्हते.

म्हणजे आपल्या कारकुनाचीच ही गोष्ट. या खिडकीशी बोलण्यासाठी नाव-पासवर्ड काहीही लागत नव्हते. चौकशीच्या खिडकीला कोण ओळखपत्र मागतो?

डेव्हिड लिचफील्ड या ब्रिटिश संशोधकाला हा दोष २००२ साली सापडला. त्यांनी तो प्रथम मायक्रोसॉफ्टला कळवला. २४ जुलै २००२ रोजी कंपनीने दोषाची जाहीर सूचना दिली आणि दुरुस्तीही उपलब्ध केली. अशा दुरुस्तीला इंग्रजीत पॅच म्हणतात, म्हणजे आपले ठिगळच. धोका गंभीर आहे असे त्या सूचनेत स्वच्छ लिहिलेले होते. यानंतर सहा महिने गेले.

२५ जानेवारी २००३, शनिवार. आपल्याकडे सकाळचे ११ वाजले होते, प्रजासत्ताक दिनाचा आदला दिवस. त्या वेळी इंटरनेटवर एक लहानशी चिठ्ठी सुटली. तिच्या आतला मजकूर अवघा ३७६ बाइटांचा होता. साध्या पोस्टकार्डावर सहज मावेल इतका. पुढे तिला स्लॅमर असे नाव पडले. १४३४ च्या खिडकीत ती पडली की बफर ओसंडे, परतीचा पत्ता बदले आणि चिठ्ठीतले हुकूम चालू होत. हुकूम एकच होता. हीच चिठ्ठी पुन्हा लिही, वाटेल त्या पत्त्यावर पाठव, आणि थांबू नकोस.

या किडीचा वेग किती होता ते विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे. डेव्हिड मूर आणि त्यांच्या सहकारी शास्त्रज्ञांनी नंतर तिचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात असे दिसून आले की, आरंभी बाधित यंत्रांची संख्या दर साडेआठ सेकंदांना दुप्पट होत होती. गणित करून पाहा. एकापासून सुरुवात करून सोळा वेळा दुप्पट केले की ६५,५३६ होतात आणि साडेआठ सेकंदांप्रमाणे सोळा वेळांना लागतात १३६ सेकंद, म्हणजे सव्वादोन मिनिटे. प्रत्यक्षात वेग लवकरच मंदावला. याला कारण माणसांचा प्रतिकार नव्हे. किडीच्या स्वतःच्याच चिठ्ठ्यांनी तारा भरून गेल्या होत्या. सुमारे तीन मिनिटांत साऱ्या बाधित यंत्रांतून मिळून सेकंदाला साडेपाच कोटी चिठ्ठ्या सुटत होत्या. दहा मिनिटांत, दोष असलेल्या यंत्रांपैकी ९० टक्क्यांहून अधिक यंत्रे बाधित झाली. एकूण संख्या निदान ७५,००० होती. एखाद्या कचेरीत धोक्याची घंटा वाजून जबाबदार माणूस खुर्चीवरून उठेपर्यंत सारे आटोपलेले होते.

हा वेग कशामुळे आला? त्याआधी जुलै २००१ मध्ये कोड रेड नावाची कीड आली होती. तीही बफर ओव्हरफ्लोचीच. मायक्रोसॉफ्टच्या वेब सर्व्हरमधल्या दोषातून ती शिरे. १९ जुलै २००१ रोजी तिने १४ तासांच्या आत ३,५९,००० यंत्रे बाधित केली, पण दुप्पट होण्यास तिला सुमारे ३७ मिनिटे लागत. कोड रेड ज्या पद्धतीने बोले ती टेलिफोनसारखी होती. नंबर लावायचा, समोरून ‘हॅलो’ येईपर्यंत थांबायचे, मग बोलायचे. स्लॅमरची पद्धत पोस्टकार्डाची होती. पेटीत टाकले की काम झाले, पोचल्याची वाट पाहायची नाही. सारी कीड एकाच पोस्टकार्डात मावत असल्याने तार जितका वेग देई तितक्या वेगाने ती पसरे.

स्लॅमरने कोणाच्याही फायली पुसल्या नाहीत, कोणाचे पैसे चोरले नाहीत. ती डिस्कवर काही लिहीतच नव्हती. यंत्र बंद करून चालू केले की ती नाहीशी होई. दुरुस्ती बसवली नसेल तर मात्र पुन्हा येई. असे असूनही नुकसान फार मोठे झाले. दक्षिण कोरियात इंटरनेट कित्येक तास जवळजवळ बंद पडले. अमेरिकेत बँक ऑफ अमेरिकाच्या सुमारे १३,००० एटीएम यंत्रांपैकी बहुतेकांवर ग्राहकांना पैसे काढता येईनात. कॉन्टिनेंटल एअरलाइन्सची काही विमाने रद्द झाली, काहींना उशीर झाला. सिअ‍ॅटल शहराच्या उपनगरात पोलीस आणि अग्निशामक दलाला निरोप देणाऱ्या केंद्रातील कर्मचारी संगणक सोडून कागद-पेन्सिलीवर आले. घर पेटलेला माणूस फोन करतो आहे आणि निरोप घेणारा हाताने चिठ्ठी लिहितो आहे, असे ते दृश्य. ज्या खिडकीचा आणि त्या घराचा काडीमात्र संबंध नाही, त्या खिडकीतल्या चुकीचा भार त्या घरावर पडला.

यापेक्षाही विचार करायला लावणारे उदाहरण ओहायो राज्यातील डेव्हिस-बेसी अणुवीज केंद्राचे आहे. केंद्राच्या बाहेरच्या बाजूस संरक्षक भिंत, म्हणजे फायरवॉल, होती आणि ती या चिठ्ठ्या अडवीतही होती. परंतु एका कंत्राटदाराच्या कचेरीतून कंपनीच्या जाळ्यापर्यंत एक वेगळी तार टाकलेली होती. ती भिंतीला वळसा घालून आत येत होती. कीड त्या तारेतून आली, कार्यालयाच्या जाळ्यातून केंद्राच्या जाळ्यात शिरली, आणि सुरक्षाविषयक मोजमापे दाखवणारी संगणकप्रणाली जवळजवळ पाच तास बंद राहिली. सुदैवाने अणुभट्टी दुसऱ्या कारणासाठी आधीच बंद होती आणि जुन्या पद्धतीची काटे-तबकड्यांची साधने शाबूत होती. दोष उघड होऊन सहा महिने झाले होते. तरी तेथल्या सर्व्हरवर ठिगळ बसवलेले नव्हते, कारण असे ठिगळ निघाले आहे हेच तेथील संगणक अभियंत्यांना माहीत नव्हते.

येथे आपण थोडे थांबू या. दोष ठाऊक होता, उपाय मोफत होता, मुदत सहा महिन्यांची मिळाली होती. मग ७५,००० यंत्रे उघडी का राहिली? सर्वांना आळशी ठरवून मोकळे होणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. ती दुरुस्ती बसवणे कटकटीचे होते. फायली हाताने जागच्या जागी बदलाव्या लागत. चालू असलेला सर्व्हर काही काळ बंद ठेवावा लागे. ‘व्यवहार चालू असताना सर्व्हर बंद करू नका’ असे वरिष्ठांनी सांगितले की खालचा माणूस गप्प बसतो. दुरुस्तीने चालू काम बिघडले तर ठपका आपल्यावर येईल, ही भीती असते. दुरुस्तीमुळे टळलेल्या संकटाबद्दल शाबासकी मात्र कोणी देत नाही, कारण टळलेले संकट कोणाला दिसत नाही. शिवाय याच सॉफ्टवेअरची एक लहान आवृत्ती इतर कितीतरी प्रोग्रामांच्या पोटात बसवून विकली गेली होती. आपल्या यंत्रावर एसक्यूएल सर्व्हरचा अंश आहे, हे हजारो मालकांना ठाऊकच नव्हते. जी वस्तू आपल्याकडे आहे हेच माहीत नाही, तिची डागडुजी कोण करणार? खुद्द मायक्रोसॉफ्टच्या अंतर्गत जाळ्यातही काही यंत्रे या तडाख्यातून सुटली नाहीत. ठिगळ तयार करणाऱ्याच्या घरी ही स्थिती, तर इतरांना काय म्हणावे!

एक प्रश्न ज्ञानाच्या जबाबदारीचाही निघाला. लिचफील्ड यांनी दुरुस्ती निघाल्यानंतर, ऑगस्ट २००२ मध्ये, एका परिषदेत हा दोष समजावून सांगितला होता आणि तो सिद्ध करणारा नमुना-प्रोग्रामही दाखवला होता. कीड लिहिणाऱ्याने त्या नमुन्याचा आधार घेतल्याचे पुढे दिसून आले. लिचफील्ड यांनी त्यानंतर जाहीरपणे सांगितले की, असे नमुने प्रसिद्ध करावेत की नाही याचा आपण फेरविचार करीत आहोत. दोष लपवला तर दुरुस्ती होत नाही, आणि दाखवला तर दुर्जनाच्या हाती हत्यार जाते. या पेचाचे सोपे उत्तर नाही. परंतु जगाने निदान एक रीत स्वीकारली आहे. आधी वस्तू बनवणाऱ्याला कळवायचे, दुरुस्तीला वाजवी मुदत द्यायची, मग जाहीर करायचे. किडीचा लेखक कोण, हे मात्र जगापुढे कधी आले नाही.

या घटनेने उद्योगाला जाग आली, हेही सांगितले पाहिजे. परतीच्या नोंदीच्या अलीकडे एक गुप्त आकडा ठेवायचा आणि तो पुसला गेला असेल तर प्रोग्राम तेथेच थांबवायचा, ही युक्ती १९९८ साली संशोधकांनी मांडली होती. ती पुढे सर्रास वापरात आली. २००४ साली विंडोज एक्सपीच्या मोठ्या सुधारणेत फायरवॉल आपोआप चालू राहू लागली, आणि माहितीच्या जागेतले आकडे हुकूम म्हणून चालवू नयेत अशी सोय झाली. यंत्रातील जागांचे पत्ते दर वेळी बदलते ठेवण्याची पद्धतही आली. या सर्व उपायांनी चोराचे काम कितीतरी अवघड झाले, पण संपले नाही.

याचा पुरावा २०१७ साली मिळाला आणि तो आपल्या कोकणच्या किनाऱ्यापर्यंत आला. विंडोजमधील फायली वाटून घेण्याच्या जुन्या सेवेत एक बफर ओव्हरफ्लो होता. येथे मोजमाप केले जात होते, पण ते चुकीचे होते. एका यादीची लांबी काढताना मोठ्या संख्येच्या अर्ध्याच भागात उत्तर लिहिले जाई, त्यामुळे जागा कमी राखली जाई आणि मजकूर जास्त येई. १४ मार्च २०१७ रोजी दुरुस्ती निघाली. १२ मे रोजी वॉनाक्राय ही कीड आली आणि तिने इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतील २३६ पैकी निदान ८० रुग्णालय-संस्थांचे काम विस्कळीत केले. रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द झाल्या. त्यानंतर २७ जून रोजी नॉटपेट्या हा हल्ला झाला. त्याचा शिरकाव युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून झाला. पुढे पसरण्यासाठी त्याने चोरलेल्या पासवर्डांबरोबर हाच दोष वापरला. मर्स्क या जहाज कंपनीचे जगभरचे काम थांबले आणि तिच्या समूहाकडून चालवले जाणारे न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातले टर्मिनलही त्यात सापडले. कोठे युक्रेन आणि कोठे उरण! बंदराबाहेर कंटेनरची गाडी घेऊन ताटकळणाऱ्या चालकाला बफर हा शब्दही माहीत असण्याचे कारण नव्हते. मर्स्कने आपले नुकसान २० ते ३० कोटी डॉलरच्या घरात असल्याचे सांगितले.

मग यावर मुळातून उपाय नाही काय? आहे, आणि तोही जुनाच आहे. टोनी होअर या थोर ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञाने १९८० साली ट्युरिंग पुरस्कार स्वीकारताना केलेल्या भाषणात एक आठवण सांगितली आहे. १९६० च्या दशकात त्यांच्या कंपनीने अल्गॉल भाषेची जी सोय केली होती, तिच्यात प्रत्येक वेळी माप तपासूनच मजकूर जागेवर जाई. यात थोडा वेळ खर्च होई. काही वर्षांनी त्यांनी ग्राहकांना विचारले, वेग वाढावा म्हणून ही तपासणी बंद करण्याची सोय देऊ काय? सर्व ग्राहकांनी एकमुखाने नको म्हटले. त्यांना अनुभवाने कळले होते की, न कळत राहिलेली चूक मंद चालणाऱ्या यंत्रापेक्षा महाग पडते. त्यानंतरच्या काळात जग वेगाच्या मागे लागले आणि ती शहाणी सवय मागे पडली. २०१९ साली मायक्रोसॉफ्टच्याच अभियंत्यांनी सांगितले की, त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये दरवर्षी दुरुस्त होणाऱ्या सुरक्षाविषयक दोषांपैकी सुमारे ७० टक्के दोष स्मृतीच्या गैरवापराचे असतात. २०२२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने, स्मृतीची राखण स्वतः करणाऱ्या जावा, रस्ट यांसारख्या भाषांकडे वळावे असा सल्ला दिला. १९७२ पासून मोजले तर अर्धे शतक झाले.

आता विद्यार्थी मित्रांनो, तुमच्याविषयी दोन शब्द. तुमच्यापैकी पुष्कळ जण संगणकाचे शिक्षण घेत आहेत, उद्या आणखी घेतील. आई-वडिलांनी पोटाला चिमटा घेऊन फी भरलेली असते आणि लवकर नोकरी लागावी ही त्यांची रास्त अपेक्षा असते. त्यामुळे प्रोग्राम चालला की काम झाले, अशी सवय लागण्याचा धोका आहे. परीक्षेत उत्तर बरोबर आले की गुण मिळतात. परंतु परीक्षक नेहमी शहाणी माहिती देतो, जग तशी देत नाही. वीस अक्षरांच्या जागेत कोणी चारशे अक्षरे टाकली तर माझा प्रोग्राम काय करील, हा प्रश्न स्वतःला विचारल्याखेरीज काम पुरे झाले असे समजू नका. एसक्यूएल सर्व्हरच्या त्या खिडकीचा प्रोग्राम लिहिणारे लोक निर्बुद्ध नव्हते. उत्तम कंपनीतले उत्तम अभियंते होते. एका ओळीत मापाची तपासणी राहिली, इतकेच. बुद्धी होती, शिस्त एका जागी कमी पडली. आणि बुद्धी ज्याची त्याला कमी-अधिक मिळते, शिस्त मात्र प्रत्येकाला शिकता येते. लहान गावातून, साध्या शाळेतून पुढे जाणाऱ्या मुलासाठी ही मोठी आशेची गोष्ट आहे असे मला वाटते.

तुमच्यापैकी काही जण प्रोग्राम लिहिणार नाहीत, दुसऱ्यांनी लिहिलेले सांभाळतील. ते काम कमी प्रतीचे समजू नका. २५ जानेवारी २००३ रोजी ज्या कचेऱ्या सुरक्षित राहिल्या, त्यांतल्या कितीतरी एखाद्या साध्या कर्मचाऱ्यामुळे राहिल्या असतील. त्याने जुलैतली सूचना वाचली, रविवारी येऊन ठिगळ बसवले आणि सोमवारी कोणाला काही न सांगता कामाला लागला. त्याचे नाव कोठे छापून आले नाही. संस्थांच्या चालकांना माझी नम्र विनंती आहे की, अशा माणसाला वेळ द्या, सर्व्हर दोन तास बंद ठेवण्याची परवानगी द्या, आणि काही बिघडले नाही या गोष्टीचेही श्रेय देत जा.

आणि हे आपल्या शाळा-महाविद्यालयांनाही लागू आहे. विद्यार्थ्यांची नावे, जन्मतारखा, गुण, शिष्यवृत्तीचे अर्ज आणि बँक खात्यांचे क्रमांक आता आपल्या संगणकांत आहेत. पालकांनी विश्वासाने दिलेली ही ठेव आहे. वर्षातून एकदा आपण बाके मोजतो, प्रयोगशाळेतल्या नळ्या मोजतो, ग्रंथालयातली पुस्तके पडताळतो. त्याच वेळी संगणकांचीही पडताळणी व्हावी. कोणत्या यंत्रावर कोणते सॉफ्टवेअर आहे, त्याची शेवटची दुरुस्ती कधी झाली, बाहेरच्या माणसाने टाकलेली एखादी तार भिंतीला वळसा घालून आत येते काय, आणि महत्त्वाच्या माहितीची प्रत वेगळ्या जागी ठेवली आहे काय, एवढे चार प्रश्न विचारले तरी पुष्कळ काम होईल. यास मोठा खर्च येत नाही. एक वही, एक जबाबदार माणूस आणि ठरलेली तारीख पुरते.

बाहेरून येणारे सारेच वाईट असते असे मी म्हणत नाही. खिडकी बंद करून बसणे हा उपाय नव्हे. शिक्षण देणाऱ्या संस्थेने तर खिडक्या उघड्याच ठेवल्या पाहिजेत. मात्र आत येणारी वस्तू पाहून, मोजून, तिच्या जागी ठेवण्याची सवय हवी, आणि दोष कळल्यावर दुरुस्ती उद्यावर न टाकण्याची सवय हवी. स्लॅमरची सारी कथा या दोन सवयींच्या अभावाची आहे.